ग्युहानचे हातमोजे

बस स्टेडियमच्या फाटकातून बाहेर पडून वीस हातसुद्धा गेली नसेल, तोच ड्रायव्हरने ब्रेक मारला. कोच प्यो ग्वांगसूने मान वर करून बघायची तसदी घेतली नाही. समोर काय असणार ते त्याला पाठ होतं. निळे मफलर गुंडाळलेली दोन-अडीचशे माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे हातात भोंगा घेतलेल्या बांग मावशी.

हेजिन शहराची ही जुनी रीत. घरच्या मैदानावर संघ लाजिरवाणा हरला की चाहते बस अडवायचे. खेळाडूंना कुणी चकार शब्द बोलायचं नाही. कोचने एकट्याने खाली उतरायचं, भोंगा हातात घ्यायचा, कमरेत वाकून माफी मागायची, मग बस सुटायची. दोन वर्षांत प्यो एवढ्यांदा वाकला होता की त्याच्या कंबरदुखीचं कारण लोक हेच सांगायचे.

गंमत म्हणजे बांग मावशींचा स्वतःचा मुलगा त्याच बसमध्ये शेवटच्या सीटवर बसलेला असायचा. हाम ग्युहान, संघाचा गोलकीपर आणि कॅप्टन, वय वर्षं अडतीस. वीस वर्षं एकाच क्लबकडून खेळला. आईने बस अडवली की तो टोपी नाकापर्यंत ओढून झोपेचं सोंग घ्यायचा.

प्यो उतरला. वाकायला लागला तेवढ्यात मावशींनी भोंग्यातूनच त्याला थांबवलं.

"प्यो सर, माफी राहू द्या. माफीची पोती भरून पडलीत आमच्याकडे. पाच मॅच उरल्यात. संघ वरच्या लीगमध्ये राहणार की जाणार, तेवढं सांगा."

"राहणार," प्यो म्हणाला.

"कसा?"

"जे करावं लागेल ते मी करीन. तुम्हाला आवडो, न आवडो."

"आमच्या आवडीचं काय घेऊन बसलात? करा काय करायचं ते." मावशींनी हात वर केला आणि गर्दी दुभंगली.

बोलून तर बसला, पण करायचं काय हे प्योला तरी कुठे माहीत होतं? संघ तळाशी होता. तळाचा संघ खालच्या लीगमध्ये जातो, आणि तसं झालं तर कोचनेही घरी जायचं, हे चेअरमनने त्याला जेवायला बोलावून, मासा वाढता वाढता, फार गोड शब्दांत सांगितलं होतं. प्यो सत्तावन्नचा. याआधी तीन क्लबांनी त्याला दार दाखवलेलं. या वयात काढलेल्या कोचला पुन्हा कुणी फोन करत नाही. त्याच्या बरोबरीचे दोघे जण आता चौकात दुकान टाकून कोंबडी तळत होते. कोंबडी तळण्यात कमीपणा नाही, पण प्योला तळता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्याला फुटबॉल येत होता.

तिसऱ्या क्लबमध्ये त्याच्या हातून जे झालं ते त्याला अजून झोपू देत नसे. हंगामाची शेवटची मॅच, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळालेली. पेनल्टी मारायला एक पटाईत पोरगा होता. पण कॅप्टन त्या दिवशी निवृत्त होत होता, वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून पोराने चेंडू दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. प्योला ओरडून थांबवता आलं असतं. मान म्हणून तो गप्प राहिला. चेंडू बारच्या वरून गेला आणि संघ खाली गेला.

बस अडवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आदल्या दिवशी हरलेल्या मॅचचा व्हिडिओ लावून बसला. दुसरा गोल त्याने सात वेळा पाहिला. बाजूने उंच चेंडू आला, ग्युहान पुढे धावला. त्याच्या वाटेत एकवीस वर्षांचा डिफेंडर दोग्योम उभा. ग्युहान चेंडूपर्यंत पोचणार नाही हे दोग्योमला दिसलं होतं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, आणि दारातून वडीलधारं माणूस येताना आपण सरकतो तसा तो बाजूला सरकला. प्योने आधीच्या मॅचचे गोल काढून बघितले. चार गोल असेच खाल्ले होते.

त्याने दोग्योमला बोलावून घेतलं.

"तोंड उघडलं होतंस. मग ओरडला का नाहीस?"

"ग्युहानदादा येत होते, सर."

"येत होता ते मलाही दिसलं. पोचणार नव्हता ते तुला दिसलं ना?"

"दिसलं." पोरगा बुटांकडे बघत राहिला. "सर, मी शाळेत असताना माझ्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. त्यांना 'थांब' कसं म्हणू?"

त्या दिवसापासून प्योने हुकूम काढला. मैदानावर दादा-बिदा बंद. सगळ्यांनी सगळ्यांना नावाने, अरे-तुरे हाक मारायची. ग्युहानने तर स्वतःच पुढाकार घेतला. जो मला शिवी घालणार नाही त्याने मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, असं त्याने जाहीर केलं. काय सांगावं, निम्मा संघ निमूटपणे फेऱ्या मारायला निघाला. दोग्योमने एकदा धीर करून "ग्युहान, थांब" अशी आरोळी ठोकली आणि पुढच्याच क्षणी, सवयीने, माफी मागायला वाकला. चेंडू त्याच्या पाठीवरून जाळ्यात गेला. सगळे पोट धरून हसले, ग्युहान सगळ्यांत जास्त. प्योला मात्र हसू आलं नाही. पोरांच्या हाडामासात भिनलेलं एका महिन्यात निघणार नव्हतं.

पुढच्या चार मॅचमध्ये एक जिंकले, एक हरले, दोन बरोबरीत सुटल्या. आता शेवटची, घरच्या मैदानावर. जिंकलं तर राहणार. बरोबरीसुद्धा उपयोगाची नाही.

त्या आठवड्याच्या सोमवारी प्यो नेहमीसारखा बांग मावशींच्या खानावळीत जेवायला गेला. मॅच नसताना मावशींच्या हातात भोंगा नसून पळी असायची. डुकराच्या मटणाचं गरम सूप, त्यात भात, बाजूला मुळ्याचं आंबवलेलं तिखट किमची. त्याच्या वाडग्यात त्या न मागता दोन तुकडे जास्त घालायच्या, आणि जिंकल्यावरच घालते असं हरल्यावरही म्हणायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी दोरीवर ग्युहानचे हातमोजे वाळत होते. वीस वर्षं, प्रत्येक मॅचनंतर, ते मावशीच धुवायच्या. कोमट पाण्यात, नुसत्या हाताने, पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत. सुनेलाही हात लावू द्यायच्या नाहीत.

ग्युहान हा हंगाम संपला की खेळणं थांबवणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शनिवारी खानावळ बंद ठेवून झाडून सगळे नातेवाईक मैदानावर येणार असल्याचं मावशी सांगत होत्या. मामा तर बेटावरून बोटीने येणार होता.

"शनिवारी शेवटचे धुवायचे," त्या हातमोज्यांकडे बघत म्हणाल्या. "मग सुटले बाई एकदाची."

सुटल्याचा आनंद काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. प्योने मान खाली घातली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या वाडग्यात सूप उरलं.

गुरुवारी सराव संपल्यावर पोरं आत गेली तेव्हा त्याने ग्युहानला गोलपोस्टपाशी थांबवून घेतलं. आडवळणाने सांगायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी त्याला ते जमलं नाही.

"शनिवारी तुझ्या जागी सुंगमो खेळेल."

ग्युहान हातमोज्याचा पट्टा सोडत होता. त्याचे हात थांबले.

"माझं काय चुकलं, सर?"

"काही नाही. तू सुंगमोपेक्षा चांगला आहेस, आजही. पण पोरं तुझ्यावर ओरडत नाहीत."

"म्हणजे मला मान देतात म्हणून मी बाहेर."

"हो."

ग्युहानने अर्धवट सोडलेला पट्टा पुन्हा आवळला. "सुंगमोवर ओरडतील?"

"सुंगमोवर त्याची बायकोसुद्धा फोनवरून ओरडते."

ग्युहानला नको असताना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. त्याने ते हातमोज्यानेच पुसले. आईला आपण सांगतो, असं प्यो म्हणाला तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. पोरांना आधी कळलं तर ती दबतील आणि आईला आधी कळलं तर ती स्टेडियमला कुलूप घालेल, तेव्हा शनिवारीच काय ते कळू दे, असं म्हणून तो आत गेला.

शनिवारी फलकावर संघाची नावं लागली आणि निळ्या मफलरांच्या स्टँडमध्ये एकदम सामसूम झाली. प्योने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. बांग मावशींनी भोंगा मांडीवर ठेवला होता. शेजारी बेटावरचा मामा नवा कोट घालून बसला होता.

मॅच सुरू झाली आणि सगळं गाव देव पाण्यात घालून बसलं. सुंगमो चुकत होता, धडपडत होता, आणि त्याच्यावर चारही डिफेंडर ओरडत होते. सत्तराव्या मिनिटाला हेजिनने कॉर्नरवरून गोल केला. पंचाहत्तराव्या मिनिटाला तसाच उंच चेंडू आला, तीच बाजू, तीच उंची. सुंगमो पुढे धावला.

"थांब, गाढवा!"

दोग्योमचा आवाज पार वरच्या रांगेपर्यंत गेला. सुंगमो जागच्या जागी थिजला आणि दोग्योमने डोक्याने चेंडू बाहेर उडवून लावला. बाकावर बसलेल्या ग्युहानने टाळी वाजवली, एकदाच, आणि हात गुडघ्यांत दाबून धरले.

शेवटची दोन मिनिटं उरली. एक खेळाडू बदलायची मुभा अजून शिल्लक होती. स्टँडमधून ग्युहानच्या नावाचा गजर सुरू झाला, तो वाढत वाढत सगळ्या स्टेडियमचा झाला. ग्युहान उठून उभा राहिला होता, हातमोजे घालून. प्योच्या मदतनिसाने कानाशी येऊन हळूच म्हटलं की दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, जाऊ द्या की त्याला. प्योच्या डोळ्यांपुढे तो बारवरून गेलेला चेंडू आला. त्याने बाकाकडे पाहिलं, आणि एका डिफेंडरला हाक मारली.

सगळं स्टेडियम त्याची हुर्यो उडवत होतं. ग्युहान खाली बसला आणि त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. दोन मिनिटं संपली. संघ राहिला.

तासाभराने बस फाटकातून निघाली तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे बाजारात नाचायला गेले होते. तरीही ड्रायव्हरने त्याच जागी ब्रेक मारला. बांग मावशी एकट्याच रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. हातात भोंगा नव्हता.

प्यो उतरला.

"संघ राहिला," मावशी म्हणाल्या. "गावाच्या वतीने तुमचे आभार. ते झालं. आता हे गावाचं नाही."

"माहीत आहे."

"दोन मिनिटं होती, सर. दोन मिनिटांत काय झालं असतं?"

"बहुतेक काहीच नाही."

"मग?"

करा काय करायचं ते, असं याच जागी त्या म्हणाल्या होत्या. त्यांना ते आठवत असणारच. प्योने तो विषय काढला नाही. माफ करा असंही तो म्हणाला नाही, कारण पुन्हा तीच वेळ आली असती तर त्याने पुन्हा तेच केलं असतं, आणि या बाईशी त्याला खोटं बोलायचं नव्हतं. तो कमरेत वाकला आणि तसाच राहिला. पाठीतून कळ निघाली तरी वर आला नाही.

मागे बसचं दार उघडलं. ग्युहान उतरला होता.

"आई, बस सोड. पोरांना भुका लागल्यात."

मावशींनी हात पुढे केला. "हातमोजे दे."

"चेंडूसुद्धा लागला नाही गं त्यांना."

"दे म्हणते ना."

त्याने पिशवीतून काढून दिले. मावशींनी ते उलटसुलट करून बघितले. एवढासा चिखल नव्हता. त्यांनी ते काखेत धरले आणि रस्त्याच्या कडेला झाल्या.

सोमवारी सकाळी चेअरमनने आणखी एका वर्षाच्या करारावर प्योची सही घेतली आणि मोठ्या हॉटेलात जेवायला चला म्हणाला. प्योने नको म्हटलं. खानावळीच्या दारात तो क्षणभर घुटमळला, मग आत जाऊन नेहमीच्या जागी बसला. मावशींनी काही न बोलता वाडगा आणून ठेवला. त्यात नेहमीचे दोन तुकडे होते, जास्त नाही, कमी नाही. जिंकल्यावरच घालते, हे मात्र आज त्या म्हणाल्या नाहीत.

खिडकीपाशी दोरीवर हातमोजे टांगले होते. नुकतेच धुतलेले, न पिळलेले. बोटांतून पाणी निथळत होतं आणि खाली मावशींनी पातेलं ठेवलं होतं. प्योने चमचा उचलला आणि वाडगा तळापर्यंत संपवला.