सगळी सभा उभी राहिली

ग्रेबिल विद्यापीठात मरायचं तर वॉरन डेटवायलर हयात असताना मरावं, असं तिथली प्राध्यापक मंडळी थट्टेनं म्हणत. कुणी प्राध्यापक वारला की त्याच्यावरचा स्मरणलेख वॉरनच लिहायचा, आणि असा लिहायचा की ज्याला जिवंतपणी कुणी कॉफीला बोलावलं नाही त्याच्यासाठीही सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तर ग्रेबिलमध्ये ते दूध काढायचं काम वॉरनकडे होतं.

या वाचनाची एक रीत होती. महिन्याच्या सभेत आधी स्मरणलेख व्हायचा, मग बाकीचं काम. वॉरन संथ आवाजात वाचायचा, शेवटाला आवाज खाली आणायचा आणि चष्मा काढायचा. चष्मा उतरला की सगळी सभा उभी राही, माना खाली घाली. त्या शांततेत कुणी बोलत नसे. नंतरही त्या विषयावर कुणी अक्षर काढत नसे, मेलेल्या माणसावर चर्चा कसली करायची! अध्यक्ष आभार मानायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. ही रीत कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, आणि म्हणूनच ती मोडायची कुणाची टाप नव्हती.

वॉरन स्वतः नदी विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे नदीकाठची एक विटांची इमारत, एक होडी, वॉरन आणि नोरीन काझमरेक. विद्यापीठातला सर्वांत जुना विभाग हाच. बाटल्यांच्या कारखान्याचा मालक एमॉस ग्रेबिल याची मुलगी टॅबिथा सस्क्वेहॅना नदीच्या पुरात गेली, कामगारांची एक अख्खी आळी गेली, आणि म्हाताऱ्यानं गावातल्या शिकल्यासवरलेल्यांना विचारलं, पाणी चढतंय हे तुमच्यापैकी एकालाही कळलं कसं नाही? त्या काळी पेनसिल्व्हेनियात शिकलेला माणूस म्हणजे ग्रीक आणि बायबल जाणणारा. तेव्हा म्हाताऱ्यानं आपला पैसा ओतून विद्यापीठ काढलं. त्यातली पहिली खोली नदीकाठी बांधली, आणि रोज सकाळी कुणीतरी पाण्याची उंची मोजून बाटलीभर पाणी तपासायचं असं ठरवून दिलं. त्या एका खोलीच्या मागे मग टेकडीवर वैद्यक आलं, रसायन आलं, प्रयोगशाळा आल्या, जगभरातून विद्यार्थी आले, मोठमोठी बक्षिसं आली. खाली नदीवर मात्र रोजचं मोजमाप तेवढं चालू राहिलं. ते एकदाही चुकलं नव्हतं.

आता तो विभाग बंद करायचा ठराव आला होता. इमारत पाडून तिथे कसलीशी मोठी संस्था उभी राहणार होती, आणि पाणी मोजायला म्हणे यंत्र बसवता येईल. ठराव प्राध्यापकांच्या सभेपुढे मताला यायचा होता. अध्यक्षबाई मेरेडिथ व्हॅन सायकल यांनी वॉरनला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "सभेनं नको म्हटलं तर मी विश्वस्तांपुढे तसंच मांडेन, माझा शब्द आहे. मताआधी तुम्ही बोला ना. तुमच्याइतकं चांगलं कोण बोलणार?"

वॉरनचं स्वतःचं काही अडत नव्हतं. तो पुढच्या उन्हाळ्यात निवृत्तच होणार होता. अडत होतं नोरीनचं. ती वरच्या कोळशाच्या गावातली, खाणकामगाराची मुलगी. ग्रेबिलमध्ये शिष्यवृत्तीवर आली, वॉरनच्या हाताखाली होडी वल्हवायला शिकली, आणि आता तिची नोकरी कायम व्हायची वेळ आली होती. विभागच नसेल तर कायम कशात करणार? तिच्या विषयाला दुसरीकडे कुठे जागा नव्हती. "विभाग मी जाऊ देणार नाही," असं वॉरननं तिला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

तो लिहायला बसला. आकडे मांडावेत, यंत्र गाळात कसं फसतं ते सांगावं, असं आधी मनात होतं. पण लेखणी हातात घेतली की हात आपल्या सवयीच्या वाटेनंच जातो. त्यानं टॅबिथापासून सुरुवात केली. विभागाचे पहिले प्राध्यापक बर्फ फोडून पाणी मोजत ते लिहिलं, महायुद्धात पुरुष गेल्यावर ग्रंथपाल बाईंनी वल्ही हातात घेतली ते लिहिलं. आता हे ऐकून कुणाची छाती होईल विरुद्ध मत द्यायची, असं त्याला वाटलं.

त्यानं ते बायकोला, लोइसला वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले. "वॉरन, इतकं सुंदर तू कुणावरच लिहिलं नव्हतंस."

त्याला बरं वाटलं. खरं तर तिथेच त्याच्या काळजात चर्र व्हायला हवं होतं.

नोरीननं कागद घेतले ते होडीत बसून, ओल्या हातांनी. वाचून झाल्यावर तिनं शेवटचं पान उलटून मागेही पाहिलं.

"काय? आवडलं नाही?" वॉरननं विचारलं.

"आवडलं ना. पण प्रोफेसर, यात मागणं कुठं आहे?"

"अगं, अख्खा इतिहासच मागणं आहे! शहाण्या माणसांना उघड मागावं लागत नाही."

"आमच्याकडे खाण बंद पडायची वेळ आली तेव्हा पाद्रीबाबांनी पण असंच छान भाषण केलं होतं. सगळे रडले. खाण बंद झाली," नोरीन म्हणाली. "माझे बाबा अजून म्हणतात, त्या दिवशी एकानं तरी उठून 'बंद करू नका' म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही एक वाक्य घाला. तेवढंच. माझ्यासाठी."

वॉरन हसला, पण तिच्या देखतच त्यानं शेवटी वाक्य घातलं: विभाग बंद करू नका, ठरावाच्या विरुद्ध मत द्या, एवढंच माझं मागणं आहे. सगळ्या लेखात तेवढं एकच वाक्य त्याला रांगडं वाटत होतं.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भिंतीवरून एमॉस ग्रेबिल नेहमीसारखा आंबट तोंड करून पाहत होता. पहिल्या रांगेत गणिताचे लिअँडर हॉक बसले होते, ऐंशी उलटलेले, तरी अजून शिकवणारे, वॉरनचे जुने स्नेही. त्यांनी वॉरनला पाहून मूठ आवळून दाखवली, म्हणजे हाण! नोरीन मागे, दाराजवळ.

वॉरन वाचू लागला. पहिल्याच पानावर सभा त्याच्या मुठीत आली. टॅबिथाचं नाव निघालं तेव्हा रसायनवाल्यांनी हातातले फोन खाली ठेवले. ग्रंथपाल बाईंच्या वेळी हशा पिकला, आणि लगेच कुणीतरी नाक ओढलं. आपण जिंकतो आहोत हे वॉरनला अंगावरच्या काट्यावरून कळत होतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी झिजवलेली ही कला आज आपल्या माणसांच्या कामी येते आहे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. शेवटच्या परिच्छेदाशी त्याचा आवाज आपसूक खाली आला. आज सकाळीही नोरीननं पाणी मोजलं, हे वाक्य वाचताना त्याचे डोळे भरले, काचा धुरकटल्या, समोरचं दिसेना. अजून एक वाक्य राहिलं होतं.

त्यानं काचा पुसायला चष्मा काढला.

लिअँडर हॉक उभे राहिले. गुडघ्यांवर जोर देत, पुढच्या कठड्याला धरून, पण सगळ्यांच्या आधी. त्यांच्यामागे पहिली रांग उठली, मग खुर्च्या खडखडत अख्खी सभा उठली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

वॉरनच्या हातात एकीकडे चष्मा, दुसरीकडे कागद. नाही, थांबा, झालेलं नाही, असं ओरडावंसं त्याला वाटलं. ओठ उघडलेही. पण त्या शांततेत कुणी बोलत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी बोललेलं नव्हतं, आणि ती शांतता सभेला शिकवली होती ती त्यानंच. समोर दीडदोनशे खाली वाकलेली डोकी होती, आणि दाराजवळ एकटी नोरीन बसून होती. शेजारच्या बाईंनी तिच्या दंडाला हात लावला, कानाशी काही म्हटलं. बरं दिसत नाही, उठा, असंच काहीतरी असणार. नोरीन उठली नाही. ती सरळ वॉरनकडे पाहत होती, आणि तोंड न उघडता त्याला म्हणत होती, बोला.

वॉरननं मान खाली घातली.

"धन्यवाद, वॉरन," अध्यक्षबाई थोड्या वेळानं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "यानंतर कुणी काही बोलावं असं मला वाटत नाही. कुणाची हरकत नसेल तर ठराव मताविनाच संमत धरू या?"

दाराजवळ नोरीनचा हात वर गेला. पण कायम न झालेल्यांना तिथे मत नव्हतं. ज्यांना होतं ते अजून डोळे टिपत होते. हरकत कुणी घेतली नाही. सभा वाहनतळाच्या विषयाकडे वळली आणि त्यावर मात्र तावातावानं भांडण झालं.

नंतर चहाला लोकांनी वॉरनला गराडा घातला. कुणी हात दाबला, कुणी मिठी मारली. हा लेख पितळी पत्र्यावर कोरून नव्या इमारतीत लावायचा असं अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं. लिअँडर हॉक त्याच्या खांद्याला धरून म्हणाले, "तुझं आजवरचं सर्वांत उत्तम, बेट्या. माझ्यावर लिहिशील तेव्हा इतकंच चांगलं लिही हं."

"लिअँडर, मला मत हवं होतं," वॉरन म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा गोंधळला. "मत? मी तुझ्या बाजूनंच देणार होतो की! पण तू तर निरोप दिलास. मला वाटलं तू मनाशी मिटवलंस, मग आपण कोण?" त्याला खरंच काही कळलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वॉरननं त्याचा हात थोपटला आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर गेला तेव्हा नोरीन होडीतच होती. खांबावरची पाण्याची उंची तिनं पाहिली होती, बाटली भरली होती, बुचही लावलं होतं. वॉरन धक्क्यावर उभा राहिला.

"माझ्याकडून शेवट राहिला," तो म्हणाला. "चष्मा काढला होता, अक्षर दिसत नव्हतं."

नोरीननं बाटली खोक्यात ठेवली. "एकच वाक्य होतं, प्रोफेसर. पाठ नव्हतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. ती नुसतं विचारत होती, होडीच्या फळीवर बसून, वर त्याच्याकडे पाहत.

वॉरननं चष्मा काढून खिशात ठेवला. "विभाग बंद करू नका," तो म्हणाला, "ठरावाच्या विरुद्ध मत द्या, एवढंच माझं मागणं आहे."

एक शब्दही अडखळला नाही.