लॉरीचा पाटा

"त्या गाडीत मी पुन्यांदा बसायची न्हाई! आंबाडा सुटला, बांगड्या फुटल्या, जीभ चावली ती येगळीच!" मुक्ताबाईनं माहेरच्या ओसरीवरून नवऱ्याला, महिपतीला, सुनावलं.

लढाई संपली, लष्कराच्या जुन्या जीपा विकायला निघाल्या, तशी या शहाण्यानं बायकोला न विचारता बैलजोडी विकली आणि जीप घेतली. कामशेत स्टेशनावरून पवनेकाठच्या गावांकडं माणसं वाहायची, असा बेत. बैलांसाठी रडून रडून मुक्ताबाई त्याच जीपमधून नवलाख उंबऱ्याला माहेरी आली, ती आलीच. भात कापणीला आलं तरी परतायचं नाव नाही. इकडं महिपती स्वतःच भाकरी थापायचा आणि स्वतःच तिला नावं ठेवायचा. बायकोवाचून घर खायला उठलं होतं, पण कबूल कोण करतो!

गाडी उडायची ती त्याच्याच हट्टानं. जीपच्या चाकांवर पोलादी पाट्यांची चळत असते. खड्डा आला की पाटे लवतात, माणसाला हिसका बसत नाही. मागचे पाटे तुटले तेव्हा तो लोणावळ्याला मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं जीपचे पातळ पाटे बसवले. महिपतीचं मन भरेना.

"त्यो लॉरीचा जाड पाटा कापून घाल की दोन्हीकडं येकेक."

"अहो, लॉरीचा पाटा जीपला कशाला? लवायचाच नाही तो."

"लवाया कशाला पायजे? माज्या बैलगाडीचा आस मांडीयेवढा हुता, कदी मोडला न्हाई!"

मिस्त्रीनं हात जोडले आणि पाटा घातला. तेव्हापासून साधं ढेकूळ आलं तरी जीप टुणकन उडायची. पाटे नरम पडावेत म्हणून महिपतीनं त्यांत करंजाचं तेल ओतलं. ते उतारूंच्या धोतरांवर उडालं आणि उतारू पायी जाऊ लागले.

शेवटी सासरे भिमाजी मधे पडले. "पोरी, दह्याचं गाडगं मांडीवर घ्येऊन गाडीत येशीपतूर बस. दही हाललं न्हाई, तर मुकाट नांदाया जायाचं. हाललं, तर जावयानं बैल घ्येऊन यावं."

महिपतीनं जीव मुठीत धरून गाडी हाकली. पहिल्याच चाकोरीत गाडगं उडालं आणि अख्खं दही त्याच्या मुंडाशावर आलं. मुक्ताबाई हसू दाबत खाली उतरायला लागली.

तेवढ्यात सासू झुंबरबाई दुसरं गाडगं घेऊन धावत आली. बाई अशी भरदार की ओसरीवर टेकली तर तिघांची जागा जायची. "बापानं सांगितलं म्हून पोरीचं हाल करता व्हय? सरा! म्या बसून बगते," म्हणत ती मागं चढली. गाडीचं बूड खाली बसलं. वैतागलेल्या महिपतीनं गाडी दामटली आणि काय नवल! जीप चाकोरीतून पाळण्यासारखी गेली. वेशीवर पाहिलं तर दह्यावरची साय जागच्या जागी.

लॉरीच्या पाट्याला लॉरीचं वजन मिळालं होतं. महिपतीनं ते ओळखलं, पण बोलला एवढंच, "मामी, चार दिस तुमीबी चला की लेकीसंगं."

मुक्ताबाई घरी आली. घराला घरपण आलं, धंदाही चालला. भात झोडून झालं तरी झुंबरबाई होतीच. रोज जावयाच्या मागं जीपमध्ये बसून कामशेतला जायची, आणि गाडी कशी हाकावी ते वाटभर शिकवायची. कान किटल्यावर महिपती एका सकाळी पाटा काढायला जीपखाली शिरला. पाना सापडेना.

"अगं, माजा पाना कुटंय?"

"भाताच्या कणगीत," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली.

"कुनी टाकला?"

"म्याच. पाटा काडला की आई उद्याच्याला गावाकडं जाईल. अवं, बैल इकताना मला इचारलं हुतं का? आता पाटा मला इचारून काडायचा. अन् म्या न्हाई म्हनते!"

महिपती धूळ झटकत बाहेर आला. झुंबरबाई केव्हाच लुगडं सावरून मागं बसली होती.

"चला जावयबापू, रेल्वेची येळ झाली!"

कामशेतला स्टेशनाबाहेर जीप लागली. बाजारची गाठोडी घेतलेली माणसं गोळा झाली. पुढच्यानं आत न डोकावताच विचारलं, "महिपती, मामी हायेत न्हवं मागं? न्हाई, असल्या तरच बसतो!"