पडण्याची हमी

माझा नवरा नेव्हिल हार्डस्टाफ नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला तो पडण्यासाठी. आमच्या थॉर्नबेकमध्ये यात काही विशेष नाही. पक्षाला प्रत्येक वॉर्डात एक नाव लागतं. जिथे जिंकायची आशा नसते तिथे पक्षाचा माणूस एखाद्या निरुपद्रवी निवृत्ताच्या घरी येतो, केक खातो आणि सही घेऊन जातो.

आमच्याकडे कॉलिन आला. लिंबाच्या केकचे तीन तुकडे संपेपर्यंत हवापाण्यावर बोलला आणि मग मुद्द्यावर आला.

"फक्त नाव हवंय, नेव्हिल. पत्रकं नाहीत, दारोदार फिरणं नाही. मतपत्रिकेवर आपलं कुणीच नसलं तर बरं दिसत नाही रे."

"आणि निवडून आला तर?" मी विचारलं.

कॉलिन इतका हसला की केक त्याच्या घशात अडकला. "बेरिल, अगं मिलफील्ड वॉर्ड आहे तो! टॅटरसॉलबाई चोवीस वर्षं तिथे बसल्यात. नेव्हिल कसला निवडून येतोय!"

"लिहून देतोस?"

"शब्द देतो."

मला शब्द हवाच होता, कारण मेबलथॉर्पला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आम्ही बंगला घेतला होता. जूनमध्ये जायचं ठरलं होतं. माझी बहीण ईनिड तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. आयुष्यभर मी या गावात विटांच्या भिंतीकडे बघत भांडी घासली. आता खिडकीतून पाणी बघत घासायची होती. माझी मागणी एवढीच होती, आणि नेव्हिलने ती मान्य केली होती. तसा तो सगळंच मान्य करतो. गालिच्यांच्या दुकानात नोकरी करताना गिऱ्हाईक आणि मालक या दोघांचंही तो एकाच वेळी मान्य करायचा. चर्चच्या जत्रेतल्या सोडतीत त्याला कधी जॅमची बरणीसुद्धा लागलेली नाही. असा माणूस काय जिंकणार, असं मलाही वाटलं.

त्याचं नाव जाहीर झालं आणि लोक आमच्याशी हळू आवाजात बोलू लागले. खाटकाच्या दुकानात मॉरिसने मटण बांधता बांधता विचारलं, "कसा आहे नेव्हिल? धीर सोडला नाही ना?" शेजारची डॉरीन पाय घेऊन आली, म्हणजे खायचा पाय, मटण आणि बटाट्याचा, आणि माझा हात दाबून गेली. घरात कुणी आजारी असलं की गाव जसं वागतं, तसं सगळं चाललं होतं. मला गंमत वाटली. वाटायला नको होती.

मतदानाच्या दिवशी नेव्हिलने मत टॅटरसॉलबाईंना दिलं.

"स्वतःलाच मत?" तो दचकून म्हणाला. "पाहुण्यांसमोर केकचा मोठा तुकडा स्वतःच उचलावा तसं वाटतं गं ते."

मीही बाईंनाच दिलं. मी बंगल्याला मत दिलं म्हणा. दोन हक्काची मतं आम्ही घरातूनच कमी केली होती, यापेक्षा पडण्याची आणखी काय तयारी करायची?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पोहण्याच्या तलावाशेजारच्या हॉलमध्ये मोजणी सुरू झाली. हॉलभर क्लोरिनचा वास. नेव्हिलने कोटाला पक्षाचं फितीचं फूल लावलं होतं, तेही मी लावायला लावलं म्हणून. पलीकडे टॅटरसॉलबाई आपली मोठी पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. चोवीस वर्षं त्यांनी या गावाचे कचऱ्याचे डबे, कुत्र्यांची घाण आणि पार्किंग यांवर राज्य केलं, आणि राज्य करणाऱ्याला शोभेल असं सगळ्यांशी फटकून बोलल्या. पण गटार तुंबलं की रबरी बूट घालून स्वतः यायच्या, हेही खरं.

डॉरीन बघायला आली होती. ती माझ्या कानाशी लागली. "अगं बेरिल, मी दिलं हं त्याला. म्हटलं, एक तरी पडू दे बिचाऱ्याला."

"बरं केलंस," मी म्हणाले.

मग मॉरिस आला. "काळजी करू नका, अगदी शून्य नाही पडणार. मी आहे ना." त्यामागून पाद्रीसाहेबांची बायको आली. ती जन्मात बाईंच्या पक्षाबाहेर गेलेली नाही. ती म्हणाली, "एवढ्या वेळेपुरतंच हं. बाई तशाही येणारच होत्या."

मी टेबलांकडे पाहिलं. नेव्हिलच्या मतांचे गठ्ठे बाईंच्या गठ्ठ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. आमच्या गावाने आयुष्यात पहिल्यांदा एकमताने काही केलं होतं, आणि ते एकमेकांना न विचारता. प्रत्येकाने फक्त एकच दयेचं मत दिलं होतं. भिकाऱ्याच्या टोपीत पैसा टाकावा तितक्या सहज त्यांनी माझा समुद्र त्यात टाकून दिला होता!

"तुम्ही तरी स्वतःला मत दिलंत ना?" मी बाईंना गाठून विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

"मी?" त्यांनी भुवया उंचावल्या. "स्वतःला? मी मिस्टर हार्डस्टाफना दिलं. सभ्यपणा म्हणून काही असतो की नाही?"

मी कपाळाला हात लावला.

दोघांची मतं सारखी झाली आणि एकच मतपत्रिका वादात राहिली. मोजणी अधिकारी मिस्टर डॉड यांनी ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. मतदाराने फुली कुठेच मारलेली नव्हती. बाईंच्या नावापुढच्या चौकोनात लिहिलं होतं, "पुरे आता". नेव्हिलच्या चौकोनात लिहिलं होतं, "बिचारा".

"हे मिस्टर हार्डस्टाफ यांचं मत आहे," टॅटरसॉलबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "उघड आहे ते."

"छे, छे, बाई!" नेव्हिल इतका ठामपणे बोललेला मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. "हे तुमचंच मत."

"मला 'पुरे' म्हटलंय त्यांनी."

"ती काळजी आहे, बाई! तुम्ही फार राबलात, आता पुरे, जरा जेवून घ्या, अशा अर्थाने."

"आणि 'बिचारा'?"

"बिचारा, म्हणजे याला घरी जाऊ द्या!"

मिस्टर डॉडनी चष्मा पुसला. "मिस्टर हार्डस्टाफ, तुम्ही स्वतःच्याच मताविरुद्ध भांडताय, याची तुम्हाला कल्पना आहे ना?"

"ते रद्द करा. सरळ चिठ्ठी टाकू. चिठ्ठीत माझं नाव कधी निघत नाही."

"या मतदाराला एकाला नको म्हणायचंय, आणि दुसऱ्याबद्दल त्याला काहीतरी वाटतंय," डॉड म्हणाले. "मत प्रेमानेच द्यावं असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. दयेचं मतही मतच." आणि त्यांनी ती मतपत्रिका नेव्हिलच्या गठ्ठ्यावर ठेवली.

नेव्हिलने फेरमोजणी मागितली. "अहो, तुम्ही जिंकलात," डॉड म्हणाले. "म्हणूनच," नेव्हिल म्हणाला. परत मोजलं, परत तेच. कॉलिनला फोन लावला तर तो म्हणाला, "कोण नेव्हिल?"

मंचावर जाण्याआधी मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "वर जायचं, आभार मानायचे आणि लगेच राजीनामा द्यायचा. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. मान्य केलं नेहमीसारखं.

तो माइकसमोर गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. आपल्यामुळे हे घडलं याची सगळ्यांनाच लाज वाटत होती, आणि आमच्याकडे लाज वाटली की लोक टाळ्या जोरात वाजवतात. नेव्हिलने डोळे मिचकावले. कागद उघडला, आभार मानले, घसा साफ केला. राजीनाम्याचं वाक्य आता येणार होतं.

तेवढ्यात मागून मॉरिस ओरडला, "नेव्हिल, मिल रोडवरच्या खड्ड्याचं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा एका भरलेल्या खोलीने माझ्या नवऱ्याला काहीतरी विचारलं होतं आणि उत्तराची वाट पाहत होती. त्याची मान वर झाली. खांदे मागे गेले.

"पोस्टासमोरचा की शाळेजवळचा?" त्याने विचारलं.

संपलं. मला तिथेच कळलं. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो फार देखणाही दिसला, याचा तर आणखीच राग आला.

बाहेर गाड्यांपाशी तो माझ्या मागे धावत आला. "बेरिल, चार वर्षं काय, बघता बघता जातील. तू पुढे हो. मी शनिवार-रविवारी येईन ना."

"शनिवारी लोकांना भेटायचं असतं. बाई भेटायच्या वाचनालयात."

"मग रविवारी."

"नेव्हिल, लोकांनी तुला मत दिलं ते तू पडणार म्हणून."

"माहीत आहे गं," तो हळूच म्हणाला. "पण आता मी बरा निघालो तर?"

मी गाडीची किल्ली काढली आणि चालू लागले.

टॅटरसॉलबाई फाटकाशी उभ्या होत्या. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. आता काय बोलायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "मिसेस हार्डस्टाफ, शुक्रवारी दुपारी लोक काय करतात हो?"

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मी मेबलथॉर्पला चाललेय, पडद्यांची मापं घ्यायला," मी म्हणाले. "टेप धरायला दुसरं कुणीतरी लागतं. ज्याने धरायचा तो आता खड्डे मोजणार आहे. बसा गाडीत."

त्या बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. मी गाडी सुरू केली, तर नेव्हिल हात हलवत धावत आला. म्हटलं, आला, मला निवडलं याने. मी भराभर काच खाली केली.

तो माझ्यावरून वाकून पलीकडे पाहत म्हणाला, "बाई, एक विचारायचं होतं. खड्ड्याची तक्रार नक्की कुणाकडे द्यायची असते?"

टॅटरसॉलबाईंचं तोंड उघडलं. चोवीस वर्षांची सवय ती. नाव, खोलीचा नंबर, कोणत्या वारी कोण भेटतं, सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सीटबेल्ट ओढून लावला.

"मला कसं माहीत असणार?" त्या म्हणाल्या. "मी समुद्रावर चालले आहे."