चाळीस मिनिटांचा तक्ता

ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल भूलबाई म्हणायचं. जुन्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सरांचा फोन आला, तेव्हा त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"सुनेचं सिझेरियन आहे," सर म्हणाले. "तिच्या हृदयाची झडप फार अरुंद आहे. तुम्हीच या."

बिस्कीट तुटून चहात बुडालं.

दोन वर्षांपूर्वी अशाच झडपेची एक बाई टेबलावर होती. हातमोजे चढवून बसलेल्या याच सरांनी धोशा लावला होता, "अहो, मुंग्यांना साखर घालताय का? द्या एकदाची सगळी भूल." भूलबाईंनी ऐकलं, आणि तीच त्यांची चूक. रक्तदाब धाडकन कोसळला. बाळबाळंतीण कशीबशी वाचली. मग चौकशी समितीपुढे सरांनी हात झटकले, "मी अवाक्षर काढलं नाही." भूलबाईंची नोकरी गेली, सरांच्या केसालाही धक्का लागला नाही.

"येते," त्या म्हणाल्या. "पण भुलीचा तक्ता तुम्ही लिहायचा. स्वतःच्या हाताने."

सुनेला त्या नाही म्हणणारच नव्हत्या. पण हे सरांना कुठे ठाऊक होतं?

दुपारी पावणेदोनला सर स्टुलावर तक्ता मांडून बसले. पोट उघडायला त्यांचीच विद्यार्थिनी उभी होती. सुनेचे ओठ सुकले होते. "डॉक्टर, मी वाचेन ना?"

"वाचशील. घाई करणाऱ्यांना आज लिहायला बसवलंय."

पाठीतल्या बारीक नळीतून भूलबाईंनी चमचाभरही नाही एवढं औषध सोडलं आणि थांबल्या. रक्तदाब पाहिला. सरांनी लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा थोडं औषध, पुन्हा थांबणं. वीस मिनिटं झाली, सरांच्या टोपीखालून घाम निथळायला लागला.

"अजून किती वेळ?"

"मुंग्यांना साखर चिमटीनेच घालतात, सर."

नर्स मास्कआड खुदकन हसली. सून म्हणाली, "एवढं हळू का?"

"सासऱ्यांना विचार. त्यांना अनुभव आहे."

"बाबा?"

सरांचं पेन थांबलं. विद्यार्थिनी त्यांच्याकडेच बघत होती. "एकदा... मी घाई करायला लावली होती," ते पुटपुटले. "बाई मरता मरता वाचली."

भूलबाईंनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "तेही लिहा. तारीख घाला, सही करा."

आता मागे कसं फिरणार? तीन माणसांनी ऐकलेलं. सरांनी लिहिलं.

चाळिसाव्या मिनिटाला भूलबाई म्हणाल्या, "करा सुरू." बाळ रडलं, सुनेचा रक्तदाब जागचा हलला नाही.

बाहेर सर मागे मागे आले. "उपकार झाले तुमचे. पण तो कागद... घरातली गोष्ट घरात राहू दे ना."

"मी तुमच्या घरातली कधी झाले?"

चौकशी समितीचं ऑफिस पाचला बंद व्हायचं, घड्याळात साडेतीन वाजले होते. भूलबाईंनी कागदाची नीट घडी घातली आणि सावकाश चालत निघाल्या.