कुपीतली पिवळी पूड

मित्रांनो, कल्याणच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्रीजमधल्या काचेच्या कुपीत मी राहते. मी सेरियम ऑक्साइडची चिमूटभर पिवळी पूड. माझे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी मावतील.

मला इथे संशोधन करणाऱ्या मेघनाने बनवलं. सेरियमचा क्षार पाण्यात विरघळवून ती त्यात थेंब थेंब अमोनिया सोडत राहिली, तेव्हा मी तळाशी साचले. मग तिने मला धुतलं, वाळवलं, भट्टीत तापवलं. मेघना आंबिवलीची. तिचे वडील दगडू डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं भुकटी मिसळत होते. त्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. आधी जिना चढताना दम लागे, पुढे बोलतानाही लागू लागला. म्हणून मेघनाने हा विषय घेतला होता.

आजारी शरीरात ऑक्सिजनचे काही मोकाट रेणू पेशींची नासधूस करतात. मी त्यांना आवरू शकते का, हे तिला पाहायचं होतं. तिने फुप्फुसाच्या पेशी बशीत वाढवल्या, त्यांना इजा केली आणि मला त्यांच्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त पेशी जिवंत होत्या. माझं कौतुक झालं, पेपरात चार ओळी आल्या. ज्या बशीत मी जास्त पडले होते तिथल्या पेशी मात्र मेल्या होत्या. त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

बातमी वाचून तिची आई, रमाबाई, मागेच लागल्या. पोरीच्या हातात औषध असताना बापाने का तडफडायचं? मेघना तीन आठवडे नाही म्हणत राहिली. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑक्सिजनशिवाय काही उरलं नाही. त्या रविवारी दुपारी तिने माझी कुपी पर्समध्ये टाकली आणि घरी नेली.

दगडूंनी नाकातली नळी सारखी केली. कुपी हातात धरून बराच वेळ पाहिली.

“हे आधी कोणाला दिलंय का?”

“नाही पप्पा. उंदरांनासुद्धा नाही.”

थोडं घेऊन बघायला काय जातंय, असं रमाबाई म्हणाल्या. दगडू श्वास घेत, थांबत थांबत बोलले, “नवीन पावडर आली की साहेब सांगायचा, काही होत नाही. आम्ही अंगावर घेतलेली. कोणी तपासलेली ती? तू तपास, मेघना. मी नसलो तरी तपास.”

त्यांनी कुपी तिच्या हातात परत दिली. दोन महिन्यांनी ते गेले.

मी पुन्हा प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आले होते, पण नंतर कित्येक दिवस माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. ओल धरून कुपीवरची माझ्या नावाची चिठ्ठी निघून आली. एका सकाळी मेघना आली, तिने नवी चिठ्ठी लावली आणि रीतसर परवानगी काढून उंदरांवर काम सुरू केलं. कमी मात्रेत त्यांच्या फुप्फुसांची सूज उतरली. जास्त मात्रेत मी यकृतात साचून अपाय केला. तिने दोन्ही लिहिलं.

रमाबाई एकदा प्रयोगशाळेत आल्या. त्या रविवारी यातली कुठली मात्रा आणली होती, असं त्यांनी विचारलं.

“मोजलंच नव्हतं, आई. अंदाजाने भरून आणलेलं.”

शेजारचं स्टूल ओढून रमाबाई लेकीजवळ बसून राहिल्या.

मित्रांनो, माझं औषध होईल की नाही, मला ठाऊक नाही. घाईने मला कोणाच्या तोंडात घालू नका. आणि वेळ लागतोय म्हणून फेकूनही देऊ नका.