एकेचाळीस नंबर

नगररचना कार्यालयात बावीस वर्षं नकाशे काढले, पण एक रेघ कधी इकडची तिकडे झाली नाही. चूक झाली ती नेमकी दादाच्या दुकानाच्या बाबतीत.

जुन्या तारघराच्या तळमजल्यावर माझ्या थोरल्या भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दगडी कमानी, सागवानी जिना, शंभरी ओलांडलेली इमारत. जतन करायच्या वास्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ही इमारत सगळ्यात आधी त्यात घातली आणि छाती फुगवून दादाला सांगितलं, "आता हिला कोणी हात लावणार नाही." त्या भरवशावर त्याने इमारतीच्या मालकाने देऊ केलेली दुसरी जागा नाकारली.

आज सकाळी तारघराच्या पाडकामाच्या परवान्याची प्रत माझ्याच टेबलावर आली. काम आजपासून. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या ओळीतले नंबर बदलले होते, आणि यादी करताना मी सवयीने जुना, हाताने काढलेला नकाशा पुढ्यात घेऊन बसलो होतो. नव्या नकाशांचा मला कायमचा तिटकारा. यादीत इमारतीचं नाव नसतं, फक्त नंबर. तारघराचा जुना एकेचाळीस नंबर आता शेजारच्या सार्वजनिक मुतारीचा आहे. मी मुतारी अजरामर करून ठेवली होती.

साहेबांच्या अक्षरशः पाया पडलो. "आजच्या आज दुरुस्ती करून द्या."

"यादीत काहीही बदलायचं तर हरकतींसाठी तीस दिवस ठेवावे लागतात," ते म्हणाले. "हा नियम तुम्हीच घालायला लावलात."

खरं होतं. कोणी घाईघाईने एखादी वास्तू यादीतून काढू नये, म्हणून मीच भांडलो होतो.

"तोवर परवाना तरी रोखा."

"कशाच्या आधारावर? ती इमारत यादीत नाहीच."

मी धावत सुटलो. पाडकामाचं यंत्र दुकानासमोर उभं होतं. आत भिंतभर घड्याळं चालू होती, एकही उतरवलेलं नव्हतं. दादा दारात खुर्ची टाकून बसला होता आणि यंत्राच्या चालकाला यादीची प्रत दाखवत होता. "वाचा की. माझ्या धाकट्याने लिहिलंय. तो चुकत नाही."

चालकाने कागद वाचला. मान वळवून मुतारीच्या भिंतीवरचा नंबर पाहिला.

"आलास?" दादा मला बघून हसला. "सांग रे यांना."

मला रडू आवरेना.

"दादा," मी म्हटलं, "घड्याळं उतरव."