डावी बाजू

सकाळी चहाच्या वेळी थोरलीचा फोन आला आणि तेव्हापासून अप्पांच्या जिवाला स्वस्थता नाही. "संध्याकाळी येतेय. गाडीचं बोलायचंय," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. थोरली शाळेत मुख्याध्यापिका. घरच्यांशी बोलतानाही तिची वाक्यं तास संपल्यासारखी संपतात.

गाडीचं काय बोलायचं ते अप्पांना न सांगता कळलं होतं. मागच्या खेपेला पुढच्या बंपरवरचा ओरखडा बघून तिने बजावलं होतं, "अप्पा, आणखी एक ओरखडा दिसला की चावी माझ्याकडे. मग वाद नको." अप्पांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. आता हसू येईना, कारण उजव्या मागच्या दारावर चांगला वीतभर ओरखडा होता. ताजा. तोही कुणा परक्याने काढलेला नाही, आपल्याच फाटकाच्या खांबाने. त्या खांबाला अप्पांनी सकाळपासून तीनदा मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, जणू तोच चालत गाडीपाशी आला होता.

"अहो, चहा तरी बसून प्या," माई म्हणाल्या.

"बसायला वेळ कुठाय?" असं म्हणत अप्पा उठले आणि त्यांच्या कोपराने डाव्या हाताची कपबशी खाली गेली. "अगं, कप असा मधे कशाला ठेवतेस?"

कप मधे नव्हता. टेबलाच्या डाव्या कडेला, रोज असतो तिथेच होता. पण नवरा घाईत असला की चूक कपाचीच असते हे माईंना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. त्या फडकं आणायला उठल्या, टेबलाला धरून, मग भिंतीला धरून. माईंचे गुडघे गेलेत. बसची पायरी त्यांना चढवत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची धाकटी बहीण राहते, आणि तलावाकाठी एक बाक आहे जिथे बसून त्या दोघी जगाची उणीदुणी काढतात. ही दोन ठिकाणं म्हणजे माईंचं सगळं बाहेरचं जग, आणि तिथवर नेणारी ही एक गाडी. थोरली म्हणते, भाड्याच्या गाड्या आहेत की. माई म्हणतात, "भाड्याच्या गाडीवाल्याला 'जरा थांब रे, ते झाड बघू दे' असं म्हणता येतं का?"

गाडी तशी म्हातारीच. दुसऱ्या कुणीतरी मनसोक्त वापरून विकलेली. मरून रंग, तोही छतावर उन्हाने फिकटलेला. पण अप्पा आयुष्यभर लाकडाला पॉलिश करत आलेले. टेबलं, कपाटं, पलंग. त्यांनी हात लावलेल्या टेबलात लोक भांग पाडायचे. गाडीच्या दाराचं काय घेऊन बसलात!

त्यांनी बादली आणली, साबणाच्या पाण्याने दार धुतलं, पुसून कोरडं केलं. ओरखड्याच्या कडा बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासल्या, खोल जागी बोटाच्या टोकाने लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरली. लांबी वाळायला हवी, आणि वाळायला वेळ हवा, आणि वेळ तर नाही. मग माईंचा केस वाळवायचा ड्रायर खिडकीतून वायर लोंबकळत बाहेर आला.

"पी हळद आणि हो गोरी!" खिडकीत उभ्या माई म्हणाल्या. "तुमचाच कारागीर असं करताना दिसला असता तर तुम्ही त्याला हाकललं असतंत."

"त्याची मुलगी मुख्याध्यापिका नव्हती," अप्पा म्हणाले.

दुपार कलायच्या आत दार झालं. लांबी घासून सपाट, त्यावर दुकानातून आणलेल्या बाटलीतल्या मरून रंगाचे पातळ हात, त्यावर चकाकीचा थर, मग मऊ फडक्याने गोल गोल रबिंग. अप्पा दोन पावलं मागे सरले. दार झकास झालं होतं. इतकं झकास, की गाडीची बाकी दारं त्याच्यापुढे धुळीत पडल्यासारखी दिसत होती. आंधळ्यालाही कळलं असतं की इथे काहीतरी लपवलंय. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

आता उपाय एकच, सगळी गाडीच तशी करायची. अप्पांनी फडकं बदललं आणि बॉनेटपासून सुरुवात केली. पाच मिनिटं घासायचं, रस्त्याच्या टोकाकडे बघायचं, पुन्हा घासायचं. कोपऱ्यावर कुठलीही गाडी वळली की फडकं पाठीमागे जायचं. चोराच्या मनात चांदणं. बॉनेट झालं, उजवी बाजू झाली, मागचं झाकण झालं. जेवायला माईंनी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा ताट खिडकीच्या कठड्यावर आणून ठेवलं आणि "माशा जेवतील," असं सांगून त्या आत गेल्या.

मग अप्पा डाव्या बाजूला आले.

पॉलिशच्या धंद्यात एक रीत असते. काम झालं की डोळे मिटायचे आणि तळवा सावकाश फिरवायचा. उजेड डोळ्यांना फसवतो, चकाकी तर हमखास फसवते. तळव्याला मात्र खसखशीएवढा खडाही कळतो. अप्पांनी डावं पुढचं दार घासलं, मागचं घासलं, डोळे मिटले आणि ते डावा तळवा टेकवून पुढून मागे चालत गेले. पुढचं दार गुळगुळीत. मागचं दार गुळगुळीत. त्याच्याही मागे, चाकाच्या वर, बोटं खरखरीवर गेली. आणि ती खरखर संपेचना.

त्यांनी डोळे उघडले. काहीच दिसलं नाही. मग त्यांनी मान बरीच डावीकडे वळवली, आणि तेव्हा दिसलं. हातभर लांब घासलेला पट्टा, गुडघ्याच्या जरा वर. मरून रंग निघालेला आणि त्यावर दुसराच रंग चढलेला. पिवळाजर्द.

हे कधी झालं?

अप्पा उकिडवे बसले. फाटकाच्या खांबाला घासलं तेव्हा त्यांना कळलं होतं. आवाज आला होता, गाडी हलली होती, तोंडातून शिवी गेली होती. या पट्ट्याचं त्यांना काही म्हणजे काही आठवेना. त्यांनी घाबरून फडक्याला रबिंगची पेस्ट लावली आणि घासायला घेतलं. पिवळं लगेच निघायला लागलं. दोन हात मारले की साफ. पण हात मधेच थांबला. गुडघ्याच्या वर, पिवळं. सायकल? कुणा पोराची सायकल? की रेनकोट? पोरं पिवळे रेनकोट घालतात. अप्पांनी फडकं तिथेच टाकलं.

"जरा जाऊन येतो गं," त्यांनी हाक दिली आणि माईंच्या 'कुठे'ची वाट न बघता ते चालू लागले.

माईंशिवाय ते गाडी घेऊन एकाच ठिकाणी जात: औषधांच्या दुकानात. तोच रस्ता त्यांनी पायी धरला. डाव्या अंगाला जे जे पिवळं दिसेल ते बघायला मान वळवत चालले होते, आणि मान किती वळवावी लागते हे आज पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात येत होतं. एकाच्या खांद्याला त्यांचा खांदा लागला. "बघून चाला की, आजोबा!" तो म्हणाला. अप्पांना तो आलेला दिसलाच नव्हता.

दुकानापर्यंत काही सापडलं नाही. परतीच्या बाजूने बालवाडी लागली. तिच्यासमोर फुटपाथच्या कडेला लोखंडी कठडा, पोरं रस्त्यावर धावू नयेत म्हणून. पिवळाजर्द. एका टोकाचा खांब जरा कलला होता आणि आडव्या नळीवर मरून रंगाची रेघ ओढलेली होती. अप्पांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. रंग ओळखायला दुसरीकडे जायची गरज नव्हती. सकाळपासून तोच त्यांच्या नखांत होता.

बालवाडीचा रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याला वाटलं, म्हातारा चौकशी करतोय.

"बघा ना, कुणीतरी ठोकलाय," तो म्हणाला. "आणि थांबलासुद्धा नाही."

"पोरं... पोरं होती का इथे?"

"नशीब, नव्हती. नुकती सुटून गेली होती. एरवी सुटायच्या वेळी याच नळीला लोंबकळत असतात, माकडं नुसती. आंधळाच असणार कुणीतरी."

"असेल," अप्पा म्हणाले.

घरी येताना डोकं भिंगरीसारखं फिरत होतं. माई शेजारी असल्या की काहीच कसं होत नाही? मग त्यांना ते ऐकू आलं, जे ते गेलं वर्षभर ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. 'अहो, डावीकडे सायकल आहे हं.' 'अहो, जरा उजवीकडे घ्या.' 'अहो, ती बाई बघा.' त्यांना ती कटकट वाटायची. एकदा तर ते म्हणाले होते, "गाडी मी चालवतोय की तू?" दोघं चालवत होते. अर्धी गाडी माई चालवत होत्या, गुडघे गेलेल्या, आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या. आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

अंगणात येऊन अप्पांनी काय करावं? त्यांनी उरलेलं पिवळं पुसून काढलं. लांबी भरली, ड्रायर लावला, रंग दिला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. हातांना सवय, अर्धवट काम हातांना बघवत नाही म्हणा. किंवा भीती म्हणा. शेवटी त्यांनी डोळे मिटून तळवा फिरवला. डावी बाजू आरशासारखी झाली होती.

थोरली आली ती सरळ घरात न जाता गाडीपाशी थांबली. पर्स काखेत धरून तिने गाडीला पूर्ण फेरी घातली, वह्या तपासाव्यात तशी. पुढचा बंपर वाकून बघितला. उजवी दारं बघितली, मागे गेली, डाव्या बाजूला बराच वेळ उभी राहिली. माई दारात चौकट धरून उभ्या. अप्पा पायरीवर बसलेले, चावी मुठीत.

"कुणाकडून करून घेतलंत?"

"कुणाकडून कशाला? घरात कारागीर असताना!" माई म्हणाल्या. "सकाळपासून जेवले नाहीत."

थोरलीचा चेहरा एकदम सैल झाला. ती येऊन अप्पांच्या शेजारी पायरीवर बसली. साडीला धूळ लागेल याचाही विचार न करता. "खरं सांगू, अप्पा? मी चावी घ्यायलाच आले होते. येताना गाडीत भांडणाची सगळी तयारी करत आले. वाटलं होतं, चार नवे ओरखडे असतील आणि तुम्ही खांबाला दोष द्याल." ती हसली. "पण इतक्या निगुतीने जो गाडी ठेवतो, त्याच्याकडून ती काढून घ्यायची म्हणजे... मीच उगाच घाबरले. ठेवा गाडी. फक्त सावकाश चालवा."

"मी म्हटलं नव्हतं?" माईंना आनंद मावेना. "अहो, मग उद्या तलावावर. मी बहिणीला आत्ताच फोन करते." आणि त्या खरंच वळल्या, भिंत धरून, फोनकडे निघाल्या. इतक्या भराभर चाललेल्या त्या अप्पांना कित्येक दिवसांत दिसल्या नव्हत्या.

एक शब्द न बोलता हे निभावलं असतं. गाडी त्यांची राहिली असती, बाक राहिला असता, बहिणी राहिल्या असत्या. आणि औषधं संपली की एक दिवस, बालवाडी सुटायच्या वेळी, ते त्या रस्त्याने गेले असते.

"थांब, फोन करू नकोस," अप्पा म्हणाले.

माई थांबल्या. थोरलीने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मूठ उघडून चावी तिच्या मांडीवर ठेवली.

"बालवाडीच्या कठड्याला मी गाडी घासली. आज पुसून काढलं, म्हणून तुला दिसलं नाही."

"कधी?" थोरलीने विचारलं.



"तेच तर मला माहीत नाही गं."